जांभळ्या जीवाणूंची सावधगिरी

तळ्याच्या गाळात, जेथे थोडाफार प्रकाश पोहोचतो परंतु प्राणवायू फारसा उरत नाही, तेथे जांभळ्या जीवाणूंची वस्ती असते. ‘ऱ्होडोबॅक्टर स्फेरॉइडीस’ हा त्यांपैकीच एक. प्राणवायू मुबलक असला, की तो श्वसनावर जगतो आणि फिकट दिसतो. प्राणवायू ओसरला, की अंगी गडद रंग चढवून प्रकाशावर निर्वाह करू लागतो.

हा पालट वेळेवर न झाला, तर मात्र जिवावर बेतते. त्याचे रंगद्रव्य, प्रकाश आणि प्राणवायू हे तिघे एकत्र आले, म्हणजे प्राणवायूचे असे उग्र रूप निर्माण होते, की ते पेशीचाच घास घेते. बर्कली येथे कोहेन-बझीर, सिस्ट्रॉम व स्टॅनियर यांनी १९५७ साली दाखवून दिले, की हवा सोडताच रंगद्रव्याची निर्मिती तत्काळ थांबते. त्यामागील जनुकांचा कारभार पुढे हळूहळू उलगडला.

प्राणवायू असताना ‘पीपीएसआर’ नावाचे प्रथिन रंगद्रव्याच्या जनुकांवर ठाण मांडून बसते व त्यांना काम करू देत नाही. पेशीच्या पटलात आणखी एक पहारेकरी प्रथिन असते. श्वसनसाखळीतून इलेक्ट्रॉनांचा ओघ किती वाहतो, यावरून ते प्राणवायूचा अंदाज घेते, हे विशेष! ओघ मंदावला, की ते आपल्या जोडीदार प्रथिनाला फॉस्फेट देऊन जनुके जागी करावयास धाडते. त्याच सुमारास ‘ॲपए’ हे प्रथिन पीपीएसआरला जखडून बाजूस काढते. परंतु ॲपएला निळा प्रकाशही कळतो. थोडा प्राणवायू उरला असताना तसा प्रकाश पडला, तर ते पीपीएसआरची पकड सोडते आणि जनुके बंदच राहतात.