आईची रजा
सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला उचलणं, भरवणं, कूस बदलणं ही कामं मूल मोठं झालं तरी संपत नाहीत. उलट मुलाचं वजन वाढतं आणि आईची पाठ, गुडघे धरतात. बहुतेक घरांत नोकरी सोडते तीही आईच.

केंद्र सरकारी सेवेतल्या महिलेला संपूर्ण सेवेत ७३० दिवस बालसंगोपन रजा मिळते. अपत्य दिव्यांग असेल तर त्याच्या वयाची अट नाही. हिमाचल प्रदेशात ही सोय नव्हती. तिथल्या एका प्राध्यापिकेच्या याचिकेवर एप्रिल २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की स्त्रियांचा नोकरीतला सहभाग ही मेहेरबानी नसून घटनात्मक हक्क आहे.

धुणीभांडी करणाऱ्या आईची रजा म्हणजे मात्र बुडालेली मजुरीच. तिला घराजवळ, काही तास मूल विश्वासाने सांभाळणारं केंद्र हवं, तेही परवडणारं.