पुलाखालची वाट : पेण-रोह्याच्या खाड्यांचा मागोवा

नदीवरचा पूल आणि नदीतली नाव एका जागी आली की थांबायचे कोणी, हा प्रश्न जगात दोन रीतींनी सोडवला गेला. एक म्हणजे पुलाचा एखादा गाळा उचलता किंवा सरकवता येईल असा करायचा आणि तो केव्हा उघडायचा याचे नियम बांधायचे. दुसरी म्हणजे पूलच इतका उंच बांधायचा की कोणालाही थांबावे लागू नये. रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा या तालुक्यांच्या खाड्यांवर उघडणारा पूल कधी आला नाही आणि पुरेसे उंच पूल सगळीकडे झाले नाहीत. नावेने केव्हा निघायचे ते इथे भरतीने ठरवले, आणि कुठवर जायचे ते हळूहळू पुलांनी ठरवले.

या भागात दोन मोठ्या जलवाटा आहेत. सह्याद्रीत उगम पावलेली अंबा नदी पालीकडून नागोठण्याला येते, तिथून उत्तरेकडे वळून धरमतरच्या खाडीत रुंदावते आणि रेवसजवळ समुद्राला मिळते. पेणची भोगावती याच खाडीच्या पाण्यात येऊन मिसळते. दुसरी वाट कुंडलिकेची. कोलाड, रोहा असे करत ती रेवदंडा आणि कोर्लई यांच्यामध्ये समुद्रात जाते. नागोठणे आज रोहा तालुक्यात असल्यामुळे या तालुक्याला दोन्ही खाड्यांचे पाणी लाभले आहे. पेणची जुनी बंदरे अंतोरा आणि बोर्झे ही. खाडीकाठच्या खारेपाटातले भात, मिठागरांचे मीठ आणि डोंगरातले लाकूड मचव्यांतून आणि पडावांतून मुंबईला जाई; परतीला किराणा आणि कापड येई. पेण किंवा रोहा समुद्रकाठी नसूनही बंदरे म्हणून ओळखली गेली ती या खाड्यांमुळे.

या पाण्यावरचा सर्वांत जुना पूल नागोठण्याचा आहे. चौलचा काझी अलाउद्दीन याने तो १५८२ च्या सुमारास, अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळात, दगडात बांधवला. पूल इतका अरुंद की पुढे गाड्यांची वर्दळ वाढली तेव्हा त्यावरून त्या नेणे अवघड झाले. त्याची जागा मात्र लक्षात घेण्यासारखी आहे. भरतीच्या जोराने होड्या जिथवर येत, त्या टोकापाशीच तो उभा राहिला. नाव खालच्या अंगाला धक्क्याला लागे आणि बैल-घोडे वरच्या अंगाने नदी ओलांडत. दोघांच्या वाटा एकमेकांना छेदत नव्हत्या, त्यामुळे कोणी कोणासाठी थांबायचा प्रश्नच आला नाही. पूल जलवाटेच्या शेवटाला बांधावा ही दृष्टी त्या काळी हेतुपुरस्सर होती की नदी तिथे अरुंद म्हणून ते आपसूक घडले, यावर वाद घालता येईल. परिणाम चांगला झाला एवढे खरे.

त्यानंतर तीन शतकांहून अधिक काळ खालच्या खाडीवर पूल झाला नाही. एकोणिसाव्या शतकात आगबोटी आल्या. मुंबईहून महाबळेश्वरला निघालेले प्रवासी नागोठण्यापर्यंत पाण्याने येत आणि तिथून महाडमार्गे घाटाकडे वळत. पुढे धरमतर हे आगबोटीचे ठाणे झाले. अलिबागला जाणाऱ्या कित्येक पिढ्यांनी मुंबईहून धरमतरची बोट धरली आणि उरलेली वाट टांग्याने, नंतर मोटारीने, काटली. पेणकडून आलेल्या माणसाला अलिबागकडे जायचे तर खाडी तरीने ओलांडावी लागे. या तरी १८६८ च्या मुंबई फेरी कायद्याखाली चालत. मक्ता दिला जाई, आणि माणूस, जनावर, गाडी यांचे दर ठरवून दिलेले असत. त्या व्यवस्थेत रस्त्यावरचा माणूस काठावर थांबे आणि खाडीतले गलबत सरळ निघून जाई. धरमतर आणि रेवदंडा-साळाव या दोन्ही ठिकाणी खाडीवर नंतर पूल झाले आणि हा क्रम उलटला.

नावा मुक्त होत्या असे म्हटले तरी त्यांना भरतीचे बंधन होतेच, आणि ते कडक होते. मुंबईच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. मोठ्या उधाणाला पाण्याची चढउतार साडेचार-पाच मीटरपर्यंत जाते, तर अष्टमी-नवमीच्या भांगाला ती बरीच कमी असते. कोळी आणि खलाशी भरतीचा हिशेब पंचांगावरून करत : तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरती पूर्ण होण्याची वेळ तासांत मिळते. एकादशीला अकराची पाऊणपट म्हणजे सव्वाआठ. सकाळी सव्वाआठच्या सुमारास पाणी पूर्ण चढते, रात्रीही साधारण त्याच वेळी किंवा जरा उशिरा. दुसऱ्या दिवशी ही वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. खाडीत आत जावे तसतशी भरती किनाऱ्यापेक्षा उशिरा पोहोचते, म्हणून अंतोऱ्याचा तांडेल, म्हणजे नावेचा प्रमुख, या हिशेबात आपल्या अनुभवाची भर घालून वेळ काढी. भरलेला मचवा मुंबईला न्यायचा तर पाणी फिरता फिरता दोर सोडायचे, ओहोटीच्या ओढीबरोबर खाडी उतरायची आणि तोंडाशी वारा धरायचा. येताना याच्या उलट. वेळ चुकली तर मचवा चिखलात बसे आणि पुढच्या भरतीपर्यंत, म्हणजे जवळजवळ बारा तास, तिथेच राही. भांगाच्या दिवसांत जड माल घेऊन वरच्या बंदरांना जाण्याचा विचार सहसा कोणी करत नसे. उधाणाची वाट पाहिली जाई.

पूल आला की हे गणित दुहेरी होते. नावेला खाली खोली हवी आणि वर उंची हवी, आणि भरतीच्या पाण्यात या दोन गोष्टी एकमेकींच्या उलट चालतात. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पुलाची खालची बाजू उधाणाच्या पूर्ण भरतीच्या पातळीपासून ५ मीटर उंच आहे, त्या वेळी पात्रात ५ मीटर पाणी आहे आणि ओहोटीला ते साडेचार मीटरने उतरते. नावेची डोलकाठी पाण्यापासून ८ मीटर उंच आणि तळ दीड मीटर बुडणारा. पूर्ण भरतीला नाव तरंगते, पण डोलकाठी पुलाला आदळेल. पूर्ण ओहोटीला डोलकाठी सहज जाईल, पण नाव गाळात रुतलेली असेल. पाणी ३ मीटर उतरल्यावर वाट मोकळी होते आणि साडेतीन मीटर उतरले की तळ टेकतो. मधला अवकाश जेमतेम अर्ध्या तासाचा, आणि त्या वेळी पाण्याची ओढ बरीच जोराची. अशा ओढीत खांबांच्या मधून नाव नेणे हे कसबाचे काम आहे. लहान होड्यांची डोलकाठी आडवी करता येते. मोठ्या गलबताचे शिडाचे परमाण आणि काठी उतरवून पलीकडे पुन्हा उभारणे मात्र रोजच्या धंद्यात परवडणारे नव्हते. म्हणूनच कमी उंचीचा पूल खाडी कायदेशीररीत्या बंद करत नसला तरी व्यवहारात ती बंद करतो.

उघडणारा गाळा हा यावरचा उपाय देशात इतरत्र करून पाहिला गेला. कलकत्त्याजवळ हुगळीवर ब्रॅडफोर्ड लेस्ली यांनी बांधलेला तराफ्यांचा हावडा पूल १८७४ मध्ये सुरू झाला. त्याचा मधला २०० फुटांचा भाग बाजूला काढता येई, आणि तो काढला की बैलगाड्यांची रांग दोन्ही काठांवर खोळंबे. १९०६ पासून रात्रीही पूल उघडू लागल्यावर दिवसाचा खोळंबा कमी झाला. १९४३ मध्ये आजचा उंच पूल झाला आणि तो प्रश्न मिटला. रामेश्वरच्या वाटेवर पांबन येथे १९१४ मध्ये रेल्वेचा पूल झाला. त्याचा दोन पाखांचा गाळा माणसे हाताने दांडे फिरवून उचलत. होड्या आणि लहान जहाजे जमत, बंदराचे अधिकारी गाडीची वेळ आणि वारा पाहून दिवस ठरवत, आणि मग ती रांगेने पलीकडे जात. ६ एप्रिल २०२५ रोजी तिथे नवा पूल सुरू झाला. त्याचा ७२.५ मीटरचा गाळा यंत्राने सरळ १७ मीटर वर जातो. लंडनच्या १८९४ च्या टॉवर ब्रिजवर आजही नदीच्या वाहतुकीला अग्रक्रम आहे. जहाजाने २४ तास आधी कळवायचे आणि पूल विनाशुल्क उचलला जातो. या सर्व ठिकाणी मुद्दा एकच : उघडण्याचा हक्क जहाजाचा, पण वेळ ठरवण्याचा अधिकार कोणा तरी एका कचेरीचा.

पेण-रोह्यात असा पूल का झाला नाही, याची कारणे परिस्थितीतच दिसतात. उघडणाऱ्या गाळ्याला यंत्रे, राखण आणि रात्रंदिवस पाळीची माणसे लागतात. हा खर्च मोठ्या बंदराच्या तोंडाशी निघतो. मीठ-भाताच्या मचव्यांसाठी तो कोण करणार? शिवाय रस्ते सुधारले तसा माल मालमोटारीत चढला. पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड या गावांवरून जाणारा मुंबई-गोवा महामार्ग हाच कोकणचा मुख्य रस्ता बनला. १९८६ मध्ये रेल्वे रोह्याला आली आणि १९९८ मध्ये तिथून पुढची कोकण रेल्वे पूर्ण झाली. पूल बांधणाऱ्यांच्या नजरेसमोर पूर आणि चाके होती. शिडाच्या होड्या आटत चालल्या होत्या, त्यांचा हिशेब कोणी मांडला नाही. त्या काळापुरता हा निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. चूक झाली ती तो कायमचा आहे हे न ओळखण्यात. पुलाची उंची एकदा ठरली की पुढच्या दोन-तीन पिढ्यांना ती बदलता येत नाही.

नियमाने उघडझाप करणारी एक गोष्ट या खारेपाटात मात्र पिढ्यान्‌पिढ्या आहे. ती म्हणजे खारबंदिस्तीची उघाडी. बांधातल्या या दारातून ओहोटीला शेतातले पाणी आपल्या जोराने बाहेर पडते आणि भरती आली की खाडीचे पाणीच झडप दाबून धरते. वेळापत्रक नाही, पहारेकरी नाही. उघाडी नादुरुस्त झाली की खारे पाणी भाताच्या शेतात शिरते, म्हणून तिची काळजी गावाने वाहायची. नावेसाठी असे आपोआप चालणारे दार कोणाला करता आले नाही.

रोह्याच्या बाजूला आणखी एक बदल झाला. टाटांच्या भिरा वीजकेंद्राचे पाणी १९२७ पासून कुंडलिकेत सोडले जाऊ लागले. त्यामुळे नदी उन्हाळ्यातही वाहती राहिली. कोलाडच्या पाण्यातला तराफ्यांचा खेळ त्याच्याच जोरावर चालतो. बंदर म्हणून रोह्याचे महत्त्व मात्र मावळत गेले. कुंडलिकेवरची जड जलवाहतूक पुढे तोंडाशी, साळावच्या पोलाद कारखान्याच्या धक्क्यापुरती उरली.

अंबेच्या खाडीत पाण्याचा व्यापार परत आला तो १९९० च्या दशकात, आणि तो शिडाचा नव्हता. पेण तालुक्यातील डोलवी येथे इस्पात कंपनीचा कारखाना उभा राहिला. २०१० मध्ये तो जेएसडब्ल्यूकडे गेला. समोरच्या काठावर, अलिबाग तालुक्यात, पीएनपी कंपनीचे बंदर झाले. लोहखनिज आणि कोळसा मुंबईच्या नांगरवाड्यावरून आणि जयगडहून बार्ज व छोट्या मालवाहू जहाजांतून धरमतरला येतो. डोलवीच्या बंदराची क्षमता वाढवून वर्षाला ३.४ कोटी टन केली गेली आहे. ही जहाजे हजारो टन माल वाहतात, त्यांना इंजिने आहेत, खोलीमापक यंत्रे आहेत. तरीही खाडीत शिरायचे आणि निघायचे तर भरतीचे कोष्टक उघडावेच लागते. अंतोऱ्याच्या तांडेलाची पाऊणपट आता छापील तक्त्यात आली, एवढाच फरक. आणि ही सारी वर्दळ धरमतरला संपते. तिथून नागोठण्यापर्यंतच्या पाण्यात मासेमारीच्या होड्या दिसतात, मालाची जहाजे दिसत नाहीत.

२०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने देशातील १११ जलमार्ग जाहीर केले. त्यात अंबा नदी दहाव्या क्रमांकावर आहे, लांबी ४५ किलोमीटर. रेवदंडा खाडी आणि कुंडलिका मिळून ८५ वा, लांबी ३१ किलोमीटर. अंबेचा जलमार्ग रेवसपासून सुरू होतो आणि परिशिष्टात त्याचे वरचे टोक म्हणून नागोठण्याच्या एसटी स्थानकाजवळचा पूल नोंदला आहे. दुसरा जलमार्ग रोह्यापर्यंत जातो. जलमार्गांच्या वर्गवारीनुसार पुलाखालची मोकळी उंची सर्वांत खालच्या वर्गाला ४ मीटर आणि वरच्या वर्गांना १० मीटरपर्यंत लागते, आणि राष्ट्रीय जलमार्गावर नवा पूल बांधायचा तर भारतीय अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरणाची ना-हरकत घ्यावी लागते. आधी उभ्या असलेल्या पुलांची उंची यामुळे वाढत नाही. त्यामुळे वरच्या पट्ट्यात हे जलमार्ग आज बरेचसे कागदोपत्री आहेत, असेच म्हणावे लागते.

या नियमाची खरी कसोटी धरमतर खाडीच्या तोंडाशी आहे. बॅ. ए. आर. अंतुले १९८० ते १९८२ या काळात मुख्यमंत्री असताना रेवस-रेड्डी सागरी मार्गाची कल्पना पुढे आली. त्यातला या तोंडावरचा रेवस-करंजा पूल चार दशके रखडला आणि आता हाती घेतला गेला आहे. धरमतरला जाणारे-येणारे प्रत्येक जहाज त्याच्याखालून जाणार. त्याला उघडणारा गाळा नाही. तेव्हा पेणच्या बंदरांत यापुढे केवढी उंच जहाजे येतील, हे या एका पुलाच्या उंचीवर ठरेल.