स्टिअरिंग का थरथरते?

आंबेगाव तालुक्याच्या पूर्व भागातल्या लोणीहून मंचरकडे निघावे, तर वाटेत पंधरा-वीस वर्षे चाललेली एखादी मारुती 800 किंवा महिंद्राची जुनी जीप हमखास भेटते. अशा गाड्यांची एक खोड पुष्कळांच्या परिचयाची असते. ताशी 60 किलोमीटरपर्यंत गाडी शांत चालते. 80च्या सुमारास स्टिअरिंग थरथरू लागते. वेग आणखी वाढवला, तर थरथर चक्क कमी होते! वेगाबरोबर त्रास वाढायला हवा. तो घटतो कसा?

आधी थरथर येते कुठून, ते पाहू. चाकाच्या रिमवरचे बॅलन्सिंगचे 30 ग्रॅमचे शिसे कुठेतरी गळून पडले, असे समजू. मारुती 800चे चाक एका फेऱ्यात सुमारे 1.6 मीटर अंतर कापते. म्हणजे ताशी 80च्या वेगाला ते सेकंदाला सुमारे 14 फेरे घेते. रिमची त्रिज्या 15 सेंटिमीटर धरून mrω² या सूत्रात आकडे घातले, तर उत्तर येते सुमारे 34 न्यूटन. तीस ग्रॅमची ही उणीव चाकाला साडेतीन किलो वजनाएवढे बल लावून सेकंदाला 14 वेळा हिसके देते. वेग निम्मा केला, तर बल एक चतुर्थांश होते आणि हाताला जाणवतही नाही.

पण हे अर्धेच उत्तर झाले. चाक, त्याला धरणारे सांधे आणि स्प्रिंगा यांची मिळून स्वतःची एक स्वाभाविक वारंवारता असते. झोक्याला त्याच्या लयीत धक्के दिले की तो चढतो, तसे चाकाचे हिसके या वारंवारतेशी जुळले की थरथर एकदम वाढते. हेच अनुस्पंदन. वेग वाढला की लय चुकते, म्हणून स्टिअरिंग शांत होते. बल मात्र वाढलेलेच असते.

वर्गात हे सायकलवर दाखवता येईल. सायकल उलटी ठेवून मागच्या चाकाच्या रिमला एक नट घट्ट बांधावा आणि पॅडलने चाक हळूहळू वेगात आणावे. एका ठरावीक वेगाला सायकल नाचू लागते. समोर कोणी उभे राहू नये, आरांजवळ बोटे नेऊ नयेत.

तेव्हा स्टिअरिंग हलते म्हटल्यावर पहिला प्रश्न विचारावा: केव्हा हलते? एका ठरावीक वेगपट्ट्यातच हलत असेल, तर चाकाचा तोल गेलेला असतो. कधी कधी रिमच्या आत वाळलेला चिखल हेच कारण निघते. तो खरवडून काढला की पैसा न खर्चता काम होते. ब्रेक दाबल्यावरच हलत असेल, तर डिस्क किंवा ड्रम असमान झिजलेला असतो. अगदी हळू चालवतानाही गाडी डुलत असेल, तर टायरचा फुगा किंवा वाकलेली रिम शोधावी. संशय आला, तर पुढची चाके मागे टाकून पाहावीत. थरथर हातातून आसनाखाली गेली, तर दोष चाकातच.

खड्ड्यात चाक आदळताच स्टिअरिंग जोरजोरात डावी-उजवीकडे फडफडू लागले आणि गाडी जवळजवळ थांबेपर्यंत थांबलेच नाही, तर मात्र प्रकरण गंभीर आहे. याला शिमी म्हणतात. फ्रेंच अभियंता ब्रूलिए यांनी 1925 साली टायरच्या आडव्या लवचिकतेशी त्याचा संबंध जोडला. जुन्या जीपची दोन्ही पुढची चाके एकाच अखंड आसाला जोडलेली असल्याने ती या दुखण्याला जास्त बळी पडते. सांध्यांत प्ले आला, की चाकांची फडफड गाडीच्या पुढे जाण्यातूनच ऊर्जा घेत राहते. अशा वेळी करकचून ब्रेक न मारता स्टिअरिंग घट्ट धरावे आणि ॲक्सिलरेटर सोडून वेग उतरू द्यावा. नंतर तशीच गाडी प्रवासी भरून चालवणे आम्हाला गुन्हाच वाटतो.

प्ले पाहण्यासाठी गाडी सपाट जागी उभी करून बाकीच्या चाकांना दगड लावावेत, मग पुढचे चाक जॅकवर उचलावे. गाडीखाली मुळीच शिरू नये. चाक वर-खाली धरून हलवल्यावर खटखट झाली, तर बेअरिंग, बॉल जॉइंट किंवा किंगपिन; डावी-उजवीकडे झाली, तर बहुधा टाय रॉड एंड. आता दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगावे. खटखट थांबली, तर दोष बेअरिंगचा, कारण ब्रेक हब आणि नकल यांना एकत्र जखडतो. सुरूच राहिली, तर पुढच्या सांध्यांकडे वळावे.

गॅरेजमध्ये अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग एका दमात सांगतात. अलाइनमेंट बिघडली, तर टायर एका बाजूने झिजतो, गाडी एकीकडे ओढते. थरथर सहसा होत नाही. स्टिअरिंग डँपर बसवून फडफड दाबणेही आम्हाला पटत नाही, कारण झिजलेला सांधा आत झिजतच राहतो. आधी सांधे, मग टायर व रिम, मग बॅलन्सिंग आणि शेवटी अलाइनमेंट, हा क्रम ठेवावा. चाके काढून बसवली असतील, तर पन्नासेक किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा आवळून घ्यावेत.