मोटर चालू, पण पाणी?

आंबेगाव तालुक्यातल्या शिनोली-घोडेगाव पट्ट्यात शेतीपंपाला मोबाईल स्टार्टर बसवणे ही आता नवलाई राहिलेली नाही. थ्री फेज लाईट रात्री आली, तर बिबट्याच्या धास्तीत उसाच्या कडेने विहिरीवर जाण्यापेक्षा घरूनच फोनवर मोटर चालू करणे केव्हाही शहाणपणाचे. लाईट आली, फेज गेला, मोटर चालू झाली, लोड वाढला, असे निरोप हे यंत्र फोनवर देते. शहरातल्या कंपनीत शेकडो सर्व्हर एका पडद्यावरून चालवणारे ऑटोमेशन कन्सोल आणि हा स्टार्टर यांची जात एकच आहे. दूरच्या यंत्राला हुकूम द्यायचा, काम आपोआप होऊ द्यायचे आणि झाले की नाही ते सूचनेवरून समजून घ्यायचे. फसगतही दोन्हीकडे एकाच जागी होते. ‘मोटर चालू’ म्हणजे मोटरला वीज मिळाली, एवढेच. फूटव्हॉल्व्ह गळत असेल किंवा पाइप निखळला असेल, तर मोटर फिरत राहते आणि पीक कोरडेच राहते. सूचना कितीही लवकर येवो, ती खरी स्थिती सांगत नसेल आणि वाचणाऱ्याने पुढे काय करायचे हे तिच्यातून उमगत नसेल, तर ती नसल्यातच जमा, असे माझे ठाम मत आहे.

याची एक महागडी साक्ष अमेरिकेतल्या थ्री माईल आयलंड अणुवीज केंद्राची आहे. 28 मार्च 1979 रोजी तिथला एक व्हॉल्व्ह उघडाच अडकून राहिला. नियंत्रण कक्षातला दिवा मात्र व्हॉल्व्हला बंद होण्याचा हुकूम गेला आहे, एवढेच दाखवत होता. कर्मचाऱ्यांनी तो बंद झाला असे धरले आणि दोन तासांहून जास्त वेळ अणुभट्टीचे पाणी निसटत राहिले. हुकूम आणि परिणाम यांत किती अंतर असू शकते, ते यावरून दिसते. आपल्या शेजारी, जुन्नर तालुक्यातल्या खोडदची जीएमआरटी रेडिओ दुर्बीण पाहा. 45 मीटर व्यासाच्या तिच्या 30 अँटेना सुमारे 25 किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. प्रत्येकीपाशी माणूस उभा करणे शक्य नाही. अशा ठिकाणी अँटेनेला दिलेला कोन आणि तिच्या अक्षावर मोजलेला खरा कोन या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या कळाव्या लागतात. वाऱ्याचा जोर वाढला की अँटेना आभाळाकडे तोंड करून उभ्या करायच्या असतात, आणि त्या वेळी ‘हुकूम पाठवला’ या उत्तरावर विसंबून चालत नाही.

संगणकाच्या जगातले उदाहरण 31 जानेवारी 2017 चे आहे. गिटलॅब या कंपनीत एका कर्मचाऱ्याच्या हातून मूळ डेटा पुसला गेला. बॅकअप काढायला गेल्यावर कळले की रोज आपोआप होणारे ते काम मुळात होतच नव्हते. काम फसल्याची ईमेल यंत्र पाठवत होते, पण पाठवणाऱ्याची ओळख पटवणारी खूण तिच्यावर नसल्याने ती वाटेतच नाकारली जात होती. सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला. सूचनेची शांतता ही सर्व ठीक असल्याची खूण मानली गेली, आणि घात तिथेच झाला. म्हणून ‘काम झाले’ असे सांगणारा निरोप ठरल्या वेळी आला नाही, तर त्याचीही वेगळी घंटा वाजायला हवी. आणि ‘झाले’ हेही तपासूनच म्हणावे. बॅकअप पुन्हा उघडून पाहिल्याशिवाय तो झाला असे मानू नये.

मग सगळेच कळवत राहावे का? ‘जास्त इशारे म्हणजे जास्त सुरक्षितता’ हा आक्षेप बिनबुडाचा नाही. न आलेल्या इशाऱ्याने नुकसान होते हे आपण आताच पाहिले. पण वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात 24 जुलै 1994 रोजी स्फोट झाला, तेव्हा त्याआधीच्या सुमारे 11 मिनिटांत दोन कर्मचाऱ्यांपुढे 275 इशारे आले होते. एवढ्या गर्दीत महत्त्वाचा इशारा ओळखणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे असते. यावर उपाय आहे. नोंद सगळ्याची ठेवावी, पण घंटा मोजक्याच गोष्टींसाठी वाजवावी. कन्सोलही ठरावीक क्रमाने वाचावे: आधी आत्ताची स्थिती, मग आपल्या हाताची वाट पाहणारी कामे, आणि सगळ्यांत शेवटी जुन्या नोंदी. बहुतेक जण घंटेवरचा लाल आकडा शून्यावर आणण्यातच वेळ घालवतात. ‘वाचले’ असे बटण दाबल्याने बिघाड दुरुस्त होत नाही.

दुसरा आक्षेप असा, की यंत्राने स्वतःच निस्तरावे, माणसाला त्रास कशाला? निस्तरावे जरूर. विहिरीत पाणी नसताना मोटर आपोआप थांबवणारी सोय मोटर जळण्यापासून वाचवते. पण थांबून, पुन्हा चालू होऊन, पुन्हा थांबणारी मोटर गप्प राहिली, तर खरे दुखणे झाकले जाते. तिसऱ्यांदा थांबताना तिने ‘पाणी लागत नाही, विहीर बघा’ असे स्पष्ट मराठीत सांगितले पाहिजे. इंग्रजी आकड्यांचा कोड पाठवणारे यंत्र शेतकऱ्याच्या काय कामाचे? स्टार्टर बनवणाऱ्यांनी आणि सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी ही जबाबदारी आपली मानायला हवी.

वापरणाऱ्याकडेही एक काम उरते. पाण्याची पाळी येण्याआधी एकदा दिवसाउजेडी मेन स्विच बंद करा आणि फोनवर निरोप येतो का पाहा. पुन्हा चालू करून ‘मोटर चालू’ हा निरोप आला, की वाफ्यात पाणी पोचले का तेही बघा. ऑफिसात कन्सोल सांभाळत असाल, तर एखादे काम मुद्दाम फसू द्या आणि सूचना नेमकी कोणाकडे जाते ते तपासा. नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर ती जात असेल, तर तो पत्ता आजच बदला.