पिवळा उंदीर आणि परका प्रमोटर

रानटी उंदराचा एक केस सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर तो तळाशी काळपट, टोकाला काळा आणि टोकाच्या जरा खाली पिवळा दिसतो. उंदराला तो मातकट रंग देणारा हा पिवळा पट्टा अगूटी नावाच्या जनुकाची करामत आहे. केस वाढत असताना हे जनुक मोजके दिवस जागं होतं. त्याचं प्रथिन शेजारच्या रंगपेशीला काळं रंगद्रव्य बनवू देत नाही, मग ती पिवळं बनवते. पुढे जनुक गप्प होतं आणि काळा रंग परततो.

अगूटी जनुक उंदराच्या यकृतात आहे, मेंदूतही आहे. मग ते बोलतं फक्त केसांच्या मुळाशी, तेही ठरावीक दिवशी, असं का? जनुकाच्या अलीकडे डीएनएचा एक पट्टा असतो, प्रमोटर. त्याच्यापासून प्रथिन बनत नाही. तिथे प्रथिनांचा ताफा जमतो, आरएनए पॉलिमरेज या यंत्राला जागेवर बसवतो आणि मगच जनुकाची नक्कल सुरू होते. काही प्रमोटरांत सुरुवातीच्या साधारण ३० अक्षरं आधी टी-ए-टी-ए असा क्रम असतो. त्याला पकडणारं प्रथिन डीएनएला चक्क वाकवतं! कोणत्या पेशीत कोणती प्रथिनं हजर आहेत, यावर प्रमोटर चालू होणार की नाही हे बरंचसं ठरतं.

आता पिवळ्याधमक उंदरांकडे येऊ. फ्रान्समधल्या नान्सी इथे ल्यूसियाँ क्वेनो यांनी १९०५ मध्ये नोंदवलं, की पिवळ्यांची शुद्ध पैदास काही केल्या होत नाही. पिवळ्यांची जोडी लावली तरी दर दोन पिवळ्यांमागे एक वेगळ्या रंगाचं पिल्लू निघतंच. कॅसल आणि लिटल यांनी १९१० मध्ये उलगडा केला: दोन्हीकडून पिवळेपणा घेतलेले गर्भ पोटातच मरतात.

पिवळेपणाचं खरं कारण कळायला १९९० चं दशक उजाडलं, आणि ते मला एखाद्या रहस्यकथेपेक्षा सरस वाटतं. या उंदरांच्या दुसऱ्या गुणसूत्रातून डीएनएचा लांबलचक तुकडा गळाला होता. त्यामुळे शेजारच्या रॅली या जनुकाचा प्रमोटर थेट अगूटीला येऊन भिडला. रॅली जवळपास सगळ्या पेशींत चालू असतं, म्हणून अगूटीही सगळीकडे सुरू झालं. प्रथिनाचं एक अक्षरही बदललं नव्हतं! पण केसाच्या मुळाशी निरुपद्रवी असलेलं हेच प्रथिन मेंदूत पोट भरल्याचा निरोप अडवतं. उंदीर खात सुटतो, लठ्ठ होतो, त्याची रक्तातली साखर वाढते.

अशीच आणखी एक जात आहे. तिच्यात विषाणूसारखा एक भटका डीएनए अगूटीच्या बराच आधी घुसला आणि स्वतःचा प्रमोटर घेऊन आला. गंमत म्हणजे, एकाच विणीतली, जनुकं अगदी सारखी असलेली पिल्लं कुणी पिवळी, कुणी ठिपकेदार, कुणी तपकिरी निघतात. त्या प्रमोटरवर मिथाइल हे छोटे रासायनिक गट चिकटले की तो बंद पडतो. पिल्लू तपकिरी होतं आणि सडपातळही राहतं. ड्यूक विद्यापीठात वॉटरलँड आणि जर्टल यांनी गाभण उंदरिणींच्या खाण्यात मिथाइल गट जोडायला मदत करणारं फॉलिक आम्ल, बी-१२, कोलीन आणि बीटेन वाढवलं, तेव्हा तपकिरीकडे झुकणारी पिल्लं वाढली. हे २००३ मध्ये प्रसिद्ध झालं. यावरून माणसांसाठी गोळ्यांचा सल्ला काढू नये. हा प्रमोटर या उंदरांच्या जातीपुरताच आहे.