कीर्द शाबूत, पण शिल्लक जुळेल का?

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्यामुळे तापीला महापूर आला आणि सुरत शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. अशा आपत्तीत मालाच्या नुकसानीइतकाच हिशेबाचा प्रश्न गंभीर असतो. उधारीवर चालणाऱ्या कापड बाजारात कोणाकडून किती येणे आणि कोणाला किती देणे, यावरच व्यापार उभा असतो. खतावणी भिजली, पण कीर्द वाचली, तर रोजच्या नोंदी क्रमाने पुन्हा चढवून प्रत्येक खात्याची शिल्लक काढता येते. कीर्दच गेली, तर मात्र सारी भिस्त समोरच्याच्या सचोटीवर राहते.

आज हीच देवघेव संगणकावर आणि मोबाइलवर होते. व्यवहार चालू असताना यंत्र बंद पडले तर शिल्लक कशी परत मिळवायची, याचे एक उत्तर कीर्दीच्याच तत्त्वावर बेतलेले आहे. मात्र नोंद ठेवणे आणि त्या नोंदीवरून खरोखर सावरता येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

‘ॲक्टर’ म्हणजे काय?

हजारो व्यवहार एकाच वेळी हाताळताना दोन कामांनी एकाच खात्याला एकाच क्षणी हात घातला, तर हिशेब बिघडतो. यावर उपाय ठरू शकणारी ‘ॲक्टर’ ही कल्पना कार्ल ह्यूइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये मांडली. ॲक्टर म्हणजे जणू स्वतंत्र टेबलावर बसलेला कारकून. आलेले निरोप तो एकामागून एक हाताळतो आणि त्याच्या वहीला दुसरा कोणी हात लावत नाही. दूरध्वनी केंद्रांसाठी स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत घडलेली एर्लँग ही संगणकभाषा याच धर्तीवर चालते.

परंतु ॲक्टरकडील शिल्लक संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत असते. वीज गेली की ती पुसली जाते. म्हणून ‘टिकाऊ’ ॲक्टर शिल्लक बदलण्यापूर्वी घटनेची नोंद कायमस्वरूपी नोंदवहीत करतो. पुन्हा सुरू झाल्यावर त्या नोंदी क्रमाने वाचून तो पूर्वस्थितीवर येतो.

चाचणी कशी होते?

समजा, सुरतच्या रिंग रोडवरील एका दुकानाच्या खात्यात १०,००० रुपये आहेत. २,५०० जमा झाले, ४,००० दिले गेले, म्हणजे शिल्लक ८,५००. आता ॲक्टर मुद्दाम बंद पाडायचा, पुन्हा उभा करायचा आणि शिल्लक विचारायची. उत्तर ८,५०० आले, तर पहिली पायरी पार झाली.

खरी कसोटी तो कोणत्या क्षणी बंद पाडला यात आहे. नोंद होण्यापूर्वीच बंद पडला, तर व्यवहार झालेला नाही आणि ‘झाला’ अशी पोचही गेलेली नसावी. ४,००० दिल्याची नोंद झाली, पण पोच जाण्यापूर्वी बंद पडला, तर पाठवणारा तोच निरोप पुन्हा धाडतो. व्यवहार क्रमांक पाहून तो ओळखला गेला नाही, तर शिल्लक ४,५०० वर येते आणि दुकानदाराला नाहक भुर्दंड बसतो.

जुन्या नोंदी वाचताना बँकेला आदेश किंवा ग्राहकाला संदेश पुन्हा जाता कामा नये, हेही तपासावे लागते. जुनी कीर्द वाचणारा कारकून प्रत्येक नोंदीला तिजोरी उघडून पैसे मोजून देत नाही.

फसगत कोठे होते?

लाखो नोंदी पहिल्यापासून वाचायला वेळ लागतो. त्यामुळे अधूनमधून शिल्लक साठवून ठेवतात आणि पुढच्याच नोंदी वाचतात. साठवलेल्या शिलकेवरून निघालेले उत्तर आणि सर्व नोंदी वाचून निघालेले उत्तर एकच आहे का, हे पाहणे आवश्यक असते. सॉफ्टवेअर बदलले की नोंदीचा साचाही बदलतो. म्हणून जुन्या नोंदींचे नमुने जपून नव्या आवृत्तीला वाचायला द्यावे लागतात.

चाचणीत अनेकदा स्मृतीतली तात्पुरती नोंदवही वापरतात. ती झटपट चालते आणि नियम बरोबर आहेत का, हे दाखवते. पण संपूर्ण यंत्रणा बंद पडल्यावर ती वहीही नाहीशी होते. म्हणून खऱ्या साठवणुकीवर, खरोखर प्रक्रिया तोडून केलेली चाचणी वगळता येत नाही.

सामान्यांना याचे काय?

खात्यातून पैसे गेले, पण समोरच्याला पोहोचले नाहीत, हा अनुभव गोव्यातील ग्राहकालाही अपरिचित नाही. यूपीआयवरून दुसऱ्याच्या खात्यात पाठवलेली अशी रक्कम व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत मिळावी आणि त्यापुढे विलंब झाल्यास दररोज १०० रुपये भरपाई द्यावी, असा नियम रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी परिपत्रकाद्वारे घालून दिला. भरपाई हा नंतरचा उपाय झाला. छोट्या दुकानदाराची दिवसभराची कमाई अडकू नये, यासाठी यंत्रणा बाजारात आणण्यापूर्वी ती स्वतःच्या हाताने पाडून पाहणे अधिक शहाणपणाचे. कीर्द ठेवली असे सांगणे पुरेसे नाही. तिच्यावरून खतावणी पुन्हा लिहून दाखवली, तरच ती कीर्द विश्वासार्ह म्हणता येते.