मोतीबिंदूनंतर डोळा सुजला, दोष लेन्सचाच का?

आमच्या मोहल्ल्यातल्या एका खालांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आठवड्याभरात डोळा लाल. मुलगा म्हणाला, "स्वस्तातली लेन्स घातली, म्हणून हे झालं!" चौकशी केली तर कळलं, खालांनी तिसऱ्याच दिवशी थेंब बंद केले होते. म्हणे, "आता दिसतंय की!"

ऑपरेशन म्हटलं की डोळ्याला जखम होणारच. मग रक्तातली प्रथिनं आणि पांढऱ्या पेशी डोळ्यातल्या स्वच्छ पाण्यात उतरतात. हीच आतली सूज. ती थोडी सगळ्यांनाच येते. ती उतरावी म्हणून डॉक्टर साधारण चार ते सहा आठवडे थेंब देतात आणि हळूहळू कमी करतात.

आता लेन्सचं बघू. दुसऱ्या महायुद्धात काही ब्रिटिश वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचेचे, म्हणजे खरं तर ॲक्रिलिक प्लास्टिकचे तुकडे घुसले. डॉ. हॅरोल्ड रिडली यांच्या लक्षात आलं, की डोळा हे तुकडे बऱ्यापैकी सहन करतो. त्यावरूनच 1949 मध्ये त्यांनी लंडनला पहिली कृत्रिम लेन्स बसवली. ती पीएमएमएची, कडक. तशी लेन्स आजही वापरतात, पण तिला पाच-सहा मिलिमीटरचा छेद लागतो. घडी होणारी ॲक्रिलिक किंवा सिलिकॉनची लेन्स दोन-तीन मिलिमीटरमधून आत जाते. जखम लहान, म्हणून त्रासही कमी.

लेन्सवर पेशी किती चिकटतात, हेही तिच्या पदार्थावर अवलंबून असतं. पण निरोगी डोळ्यात ऑपरेशन नीट झालं असेल, तर हा फरक सहसा जाणवत नाही. ज्यांना आधी युव्हिआयटिस, म्हणजे डोळ्याच्या आतली सूज, होऊन गेली आहे, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यासाठी बरेच डॉक्टर पाणी न धरणारं ॲक्रिलिक पसंत करतात आणि सिलिकॉन टाळतात. शुगर असलेल्यांनाही सूज जास्त येऊ शकते. म्हणून महागडी लेन्स मागण्याआधी या दोन गोष्टी डॉक्टरांना सांगा. आपल्याकडे नेमकं हेच सांगायचं राहून जातं.

वुजू करताना डोळ्यात पाणी जाऊ देऊ नका. रोज्यात थेंब चालतात का, हे मौलाना साहेबांना जरूर विचारा, पण आपल्या मनाने बंद करू नका. आणि दुखणं वाढलं, लाली वाढली किंवा दिसणं कमी झालं तर सकाळची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आत जंतू शिरले असतील तर काही तासांचा उशीरही नजर घेऊन जातो.

खालांना जंतुसंसर्ग नव्हता. थेंब पुन्हा सुरू झाले, आता वेळ झाली की नातवंडं आठवण करतात.